कीचक मरेना

कीचकाची लाथ माझ्या डाव्या बरगडीत बसली आणि मला पुढचं बोलणंच सुचेना.

विराटाच्या दरबारात कीचक सैरंध्रीला लाथ मारतो, तो प्रसंग चालू होता. आमच्या दशावतारात संहिता नसते. कथा ठरलेली असते, संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या बोलायचे. सैरंध्री मी होतो, महादेव धुरी, तिशी ओलांडलेला पुरुष, अंगावर नऊवारी आणि केसांचा टोप. समोर कीचक म्हणून वासूआबा राऊळ. आमच्या मंडळातले सगळ्यांत जुने नट, साठीला टेकलेले. मला स्त्रीपार्ट त्यांनीच शिकवला होता. मारामारीही त्यांनीच शिकवली होती. पाय समोरच्याच्या अंगापासून वीतभर अलीकडे थांबवायचा, त्याच क्षणी दुसरी टाच जमिनीवर आपटायची आणि पखवाजवाल्याने त्याच्यावर थाप द्यायची. बघणाऱ्याला वाटतं, हाड मोडलं. इतक्या वर्षांत आबांचा घाव कुणाच्या अंगाला लागला नव्हता.

दुसरी लाथ पाठीत बसली. मी तोंडावर पडलो आणि ओरडलो. तो आवाज सैरंध्रीचा नव्हता, माझा होता, पुरुषाचा. जत्रेतले लोक उठून टाळ्या वाजवू लागले.

"कीचकाला भय ठाऊक नाही," आबा म्हणाले. मग तेच पुन्हा म्हणाले. आणि पुन्हा.

प्रवेश संपल्यावर मी वाकूनच मागे गेलो. आबा पेटाऱ्यावर बसून खाजं खात होते. बेसनाच्या तळलेल्या काड्या गुळात घोळवलेल्या, आमच्याकडे प्रत्येक जत्रेत मिळतात. पुडी आबांची नव्हती. भीमाचं काम करणाऱ्या बाबल तेलीने ती आपल्या मुलीसाठी घेऊन ठेवली होती.

"आबानू, तां माझ्या चेडवाचा," बाबल म्हणाला.

आबांनी त्याच्याकडे बघितलं, पुडीतली शेवटची काडी तोंडात टाकली आणि कागद त्याच्या हातात दिला.

मी बरगडी धरून उभा होतो. आबांना मी काही बोललो नाही. गुरूला असं काही सांगायची आमच्यात रीत नाही. आबाच म्हणाले, "उठाक उशीर केलंस."

मंडळाचे मालक प्रभाकर पालव आत आले. ते खुशीत होते. "म्हादू, आज जसो ओरडलंस ना, तसोच रोज ओरड."

"बरगडी मोडली असात, मालकानू."

"मगे उजव्या अंगार पड उद्यापासून."

त्या हंगामात आमच्या मंडळाला कधी नव्हती एवढी बोलावणी आली. आबांची युद्धं बघायला लोक दोन-दोन गावं ओलांडून येत. कधी कुणाचा दात पडे, कधी कुणाचं बोट सुजे. लोकांना वाटे, रक्त म्हणजे रंग आहे. तेव्हा दशावतारात ट्रिकसीनची लाट होती, मुंडकं उडायचं, पोटातून आतडी निघायची. मालकांनी जाहिरातीत लिहून टाकलं, 'थरारक ट्रिकसीन'. आबा रावण झाले तरी मध्येच म्हणत, "कीचकाला भय ठाऊक नाही." जालंधर झाले तरी तेच. लोक हसून शिट्ट्या मारत. गावागावांतली पोरं शाळेच्या वाटेवर तेच वाक्य म्हणू लागली. या वयात म्हातारा तापला, असं जो तो म्हणे. आम्ही नटसुद्धा तेच म्हणत होतो.

एका सकाळी आबांच्या बायकोने, काकींनी, मला घरी बोलावून घेतलं. आबा ओहोळापर्यंत फिरायला गेले होते. रोज त्याच वाटेने जात, त्याच दगडाला वळसा घालून परत येत आणि घरी पोचले की पुन्हा निघत. काकी मागच्या पडवीत बांगडे कापत होत्या. आडाळा, म्हणजे आमच्याकडची विळी, जागेवर नव्हता. एका बोथट सुरीने त्या माशाचं डोकं कसंबसं तोडत होत्या. त्यांच्या डाव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटली होती आणि तिच्यात हळद भरलेली होती.

"काकी, कानाक काय झाला?"

"कुडी ओढल्यानी."

"आबांनी?"

"मगे कोणी? कीचकान?"

मी खाली बसलो. "आणि आडाळो खंय?"

"शेजारी ठेवन इलंय. कोयतो पण. घरात धारेचा काय ठेवूक नाय." त्यांनी सुरी बाजूला ठेवली. "परवा कुत्रो भुंकाक लागलो. ह्यांनी चिरो उचलल्यानी आणि तेच्या डोक्यार घातल्यानी. मगे आत येऊन म्हणतत, चाय कर."

"दारू पितत काय?"

"थेंब नाय. रोज तोंडाचो वास घेतंय मी. जन्मात घेवक नाय तितकी जवळ जातंय." त्या थोडं हसल्या. "देवळात कौल घेतलंय. राखणदाराचो राग म्हणून सांगल्यान गुरवान. कोंबो दिलंय. तेचा सागोती सगळा ह्यांनीच खाल्ल्यानी. माका रस्सो पण नाय उरलो."

"विसारतत काय? नाव, गाव?"

"ते? माझ्या लग्नाच्या पंगतीत कोण खंय बसलेलो, ता आज सांगतले." मग म्हणाल्या, "नणंद गेली माझी, ह्यांची सख्खी बहीण. हातावर वाढवलेली. मडा उचलूचा होता आणि ह्यांनी सगळ्यांसमोर इचारल्यानी, आज मासे कसले हाडलास? तेव्हा माका कळला. हो माझो घोव न्हय. घोवाच्या कपड्यात दुसरोच कोणतरी हा."

वाटेवर आबांची पावलं वाजली. काकींनी सुरी पदराखाली घेतली.

"म्हादू, हे एक दिवस कोणाक तरी मारून टाकतले," त्या घाईने म्हणाल्या. "नायतर लोक ह्यांका मारतले. तेच्या आधी काय ता कर. मंडळातल्या कोणाक सांगलंय तर हसतत."

आबा आत आले, माझ्याकडे न बघता फडताळातून गुळाची ढेप काढली आणि उभ्यानेच दातांनी तोडू लागले. काकी भिंतीला सरकल्या. आपण सरकलो हे त्यांना स्वतःलाही कळलं नसावं.

मी मालकांकडे गेलो. ते म्हणाले, "हंगाम संपांदे. मगे खंय होया थंय ने."

"तवसर कोण मेलो तर?"

"दशावतारात रोज कोणतरी मरता, म्हादू. तापलेल्या नटार पाणी ओतूचा नसता."

त्या आठवड्यात तालुक्याच्या सभागृहात आमचा 'कीचकवध' लागला. संध्याकाळचा प्रयोग, खुर्च्या भरून लोक मागे उभे. शेवटच्या प्रवेशात भीम सैरंध्रीची साडी अंगावर घेऊन मंचकावर निजलेला असतो. कीचक येतो, पदर ओढतो, भीम उठतो, झटापट होते आणि कीचक मरतो.

आबा आले, पदर ओढला, बाबल उठला. दोघे भिडले. बाबलने ठरल्याप्रमाणे मान पकडली, आबांनी ठरल्याप्रमाणे गुडघे टेकले. आता मरायचं. पखवाज थांबला.

आबा मरेनात.

बाबलने कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. मला विंगेतून ओठ दिसले, "आबानू, पडा." आबांनी मान वळवली आणि बाबलचा कान दातांत धरला. बाबलची किंकाळी सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेली. मग आबा त्याच्या छातीवर बसले आणि दोन्ही अंगठे त्याच्या गळ्यात रुतवले. पखवाजवाल्याला वाटलं, आबांनी नवीन काही काढलं असेल. त्याने पुन्हा लय धरली. बाबलच्या टाचा फळ्यांवर आपटत होत्या, आधी जोरात, नंतर सावकाश.

"ट्रिकसीन," पुढच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला. "नीट बघ, कान रबराचो असता."

मी धावत आत गेलो. द्रौपदी या प्रवेशात येतच नाही, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांच्या दंडाला धरून ओढलं, ते हलले नाहीत. पत्रा मढवलेली भीमाची गदा पडली होती, ती उचलून मी त्यांच्या मनगटावर घातली. मग खांद्यावर. मग पुन्हा मनगटावर, सगळा जोर लावून. त्यांचे अंगठे सुटले. बाबल कुशीवर वळला आणि ओकला. आबांनी माझ्याकडे बघितलं. हनुवटीवरून रक्त गळत होतं आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं, रागसुद्धा नाही.

"कीचकाला भय ठाऊक नाही," ते म्हणाले.

पडदा पडला. पलीकडे लोक 'वन्स मोर' ओरडत होते.

बाबलला आम्ही सरकारी रुग्णालयात नेलं. ड्युटीवर डॉ. गार्गी बांदेकर होत्या, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी कान उलटसुलट करून पाहिला.

"कुत्रा?"

"माणूस," मी म्हणालो. मी अजून साडीतच होतो. "नाटकात झाला."

"कुठल्या नाटकात खरा कान चावतात?"

"आमच्या. आता आता."

टाके घालता घालता त्या विचारत राहिल्या. वय किती, पूर्वी स्वभाव कसा होता, हे कधीपासून, घरी कसे वागतात. मी काकींचा कान, कुत्रा, बहिणीचं मरण सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. मग खाली बघतच त्यांनी विचारलं, "गोड जास्त खायला लागलेत का? दुसऱ्याच्या पुढ्यातलंही उचलून?"

खाज्याचं मी सांगितलं नव्हतं. गुळाचंही नाही.

"व्हय. म्हणजे हो."

"एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलतात?"

बाबल टाके पडत असतानाच म्हणाला, "अख्खो जिल्हो बोलता आता ता वाक्य."

"त्यांना घेऊन या. लवकरात लवकर."

"पण डॉक्टर, त्यांची आठवण पक्की आहे. सगळं विराटपर्व तोंडपाठ. काहीच विसरत नाहीत."

"विसरले असते तर तुम्ही केव्हाच आणलं असतं," त्या म्हणाल्या आणि दोरा कापला.

आबा येईनात. चिडले नाहीत, हसून म्हणाले, "आजारी असता तो डाक्टराकडे जाता. माका काय झाला?" आणि ओहोळाच्या वाटेला लागले. काकींनी देवाची शपथ घातली, मी पाय धरले. काही उपयोग झाला नाही. शेवटी काकीच म्हणाल्या, "खाजा देतंय म्हणून सांग. जगाच्या पाठीर खंयय येतले."

रुग्णालय बाजाराच्या पलीकडच्या टोकाला होतं. आठवडा बाजाराच्या दिवशी आम्ही तिघे एसटीने गेलो. मी खिशात पुडी ठेवली होती, ती रुग्णालयाच्या पायरीवर द्यायची असं ठरलं होतं. पण बाजारात कढई तापलेली होती आणि गूळ-आल्याचा वास रस्ताभर सुटला होता. आबा वळले ते थेट त्या दुकानापाशी. ताटातलं खाजं दोन्ही हातांनी तोंडात भरू लागले.

दुकानवाली शेवंताबाई पन्नाशीची होती. "ओ म्हाताऱ्यानू, हॉटेल हा काय ह्या?" ती म्हणाली. आबा खात राहिले. तिने त्यांचं मनगट धरलं. आबांनी पाय मागे घेतला आणि तिच्या पोटात लाथ मारली.

ती दगडी पायरीवर हात टेकून पडली. हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. पखवाज नव्हता, टाच नव्हती, तरी अगदी तसाच आवाज आला.

मग कुणीतरी म्हणालं, "अरे, हो तर कीचक. लाथ बघितलंस?" दोघे-तिघे हसले. एकाने टाळी वाजवली. शेवंताबाई किंचाळली आणि तिचा मुलगा कढईतला झारा घेऊन आला.

पहिला घाव आबांच्या कपाळावर बसला, तापलेल्या झाऱ्याने कातडी सोलली. त्यानंतर कोण मारतंय हे कळेनासं झालं. चपला, छत्र्या, नारळ सोलायची लोखंडी पहार. मासेवाल्याने टोपली टाकून काठी उचलली. आबा खाली पडले तरी चघळत होते. काकी गर्दीच्या मागे ओरडत होत्या, "मारू नकात, आजारी हत ते." त्यांना कुणी पुढे येऊ देत नव्हतं. पहारवाला हात वर करून आबांच्या डोक्याचा अंदाज घेत होता.

मी आबांच्या अंगावर आडवा पडलो. लाथा माझ्या पाठीत बसू लागल्या. एक डाव्या बरगडीत, त्याच जागी. कुणीतरी माझे केस धरून मान मागे ओढली आणि माझं तोंड बघितलं.

"अरे, हो द्रौपदीचा काम करता तो," तो म्हणाला. "बघा रे, आज द्रौपदी कीचकाक वाचवता."

लोक हसले. त्या हसण्यात हात सैल पडले. पहार खाली आली. माझ्या कानाशी आबांचा श्वास लागत होता, गुळाचा आणि रक्ताचा वास. ते शांतपणे म्हणाले, "उठ रे. जड झालंस."

हवालदार आला आणि आमची वरात रुग्णालयातच पोचली, जिथे आम्ही चाललो होतो तिथेच. शेवंताबाईला प्लास्टर घालायला आत नेलं. आबांच्या कपाळाला, भुवईला, ओठाला टाके पडले. त्यांनी हूं की चूं केलं नाही. हवालदार दाराशी खुर्ची टाकून बसला.

"मलमपट्टी झाली की गाडीत घालतो," तो म्हणाला. "बाईच्या पोटात लाथ. कोठडीत दोन रट्टे पडले की ह्याचं नाटक उतरेल."

"आधी मला तपासू द्या," डॉ. बांदेकर म्हणाल्या.

"तपासा. वेडा निघाला नाही म्हणजे झालं. मग आमचं काम वाढतं."

डॉक्टरांनी आबांना तारीख विचारली. बरोबर सांगितली. शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. केले. हवालदाराने माझ्याकडे बघून भुवई उडवली. मग डॉक्टरांनी आपल्या बॅगेतून माणसांच्या चेहऱ्यांची काही छायाचित्रं काढली आणि एकेक समोर धरलं.

"या माणसाला काय वाटतंय?"

"हसता तो."

बरोबर होतं. दुसरा माणूस रागाने दात आवळून होता.

"बोलता कायतरी."

तिसऱ्यात एक बाई रडत होती. आबांनी नीट बघितलं. "झोपली."

चौथ्यात डोळे विस्फारलेली, घाबरलेली मुलगी होती.

"हसता," आबा म्हणाले.

काकी पुढे झाल्या. "चष्मो नाय तेंचो. बाजारात फुटलो. आणि ह्ये फोटोतले कोण कुठले, तेंका काय कळतला?"

डॉक्टरांनी छायाचित्रं खाली ठेवली. जरा विचार करून त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही नट आहात ना? यांच्यासमोर बसा. घाबरल्याचा चेहरा करा."

मी स्टूल ओढून आबांसमोर बसलो, गुडघ्याला गुडघा. शर्ट फाटलेला, तोंडावर माती. ना टोप, ना रंग. भय दाखवायला मला त्यांनीच शिकवलं होतं, त्यांच्या अंगणात, महिनाभर. डोळे सगळेच फाडतात, ते म्हणाले होते, भय गळ्यात दाखव, आवंढो अर्ध्यार अडकव. मी आवंढा अडकवला. पुढचं मला करावं लागलं नाही. पहार आठवली, बाबलच्या टाचा आठवल्या. माझी हनुवटी आपोआप थरथरू लागली.

हवालदार खुर्चीत सावरून बसला. काकींनी तोंड फिरवलं.

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग पुढे वाकले, अगदी जवळ आले, जसे रंगमंचावर येत.

"हसतंस कित्याक?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "आता वेदना. काहीतरी फार दुखतंय."

ते तर नाटक नव्हतंच. मी बरगडीवर हात दाबला आणि कळ येऊ दिली. डोळ्यांतून पाणी आलं.

"हसतंस कित्याक रे, म्हादू?"

अख्खा हंगाम मी त्या तोंडासमोर ओरडत होतो.

"पुरे," डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी गोव्याला पाठवून डोक्याची तपासणी करवली. अहवाल आला तेव्हा त्यांनी काकींना आणि मला खुर्चीवर बसवलं आणि फिल्म उजेडासमोर धरली. कपाळाच्या मागचा आणि कानशिलांजवळचा मेंदू आकसत चालला होता. जिथे भरलेलं असायला हवं तिथे काळ्या फटी दिसत होत्या. आजाराचं नाव त्यांनी दोनदा सांगितलं, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया.

"यात विसरणं उशिरा येतं," त्या म्हणाल्या. "आधी वागणूक बदलते. लाज जाते, दयामाया जाते, समोरच्याला काय होतंय ते कळत नाही. घरच्यांना वाटतं माणूस बिघडला. बरेचदा कळायलाच तीन-चार वर्षं जातात. तुम्ही लवकर आलात."

"औषध?" मी विचारलं.

"बरं करणारं नाही. अंगावर धावणं थोडं कमी होईल, बघू."

"मगे लवकर कळून फायदो काय?" काकी म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाल्या, "अजून कुणी मेलेलं नाही, हा फायदा."

काकी फिल्मकडे बघत होत्या. त्यांनी कानाला हात लावला. पाळी भरून आली होती, पण वेडीवाकडी.

"म्हणजे मी रडतंय, इवळतंय, ता ह्यांका हसल्यासारख्या दिसता?"

"तसं दिसत असेल. किंवा काहीच दिसत नसेल. बोललेलं मात्र अजून कळतं त्यांना. आणखी काही काळ कळेल."

डॉक्टरांचं पत्र दाखवल्यावर हवालदाराने आबांना नेलं नाही. काकी शेवंताबाईच्या घरी जाऊन आल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मालकांना मी सांगितलं की कीचक आता दुसरा बघा. ते म्हणाले, "लोक विचारतले." मी म्हणालो, "सांगा, मेलो." 

गोव्याहून परतलो त्याच आठवड्यात एका दुपारी मी आबांकडे होतो. ते सोप्यावर बसले होते. काकींनी पेज आणून ठेवली आणि सोबत रोजच्यापेक्षा गुळाचा लहान खडा. डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितलं होतं. आबांनी खड्याकडे बघितलं, काकींचं मनगट धरलं आणि पिरगळू लागले. बांगडी पिचली, एक तुकडा कातडीत शिरला आणि हातावरून रक्त ओघळलं. मी उठलो. काकींनी दुसऱ्या हाताने मला बसायची खूण केली.

इतके दिवस त्या अशा वेळी किंचाळत असत, नाहीतर तोंडात पदर कोंबून रडत असत. आता तोंड त्यांनी अगदी सरळ ठेवलं. कपाळावर घाम फुटला होता, पण आवाज एसटीची वेळ सांगावी तसा होता.

"ओ," त्या म्हणाल्या. "तुमी माझो हात पिरगळतास. माका दुखता."

आबांनी आधी आपल्या हाताकडे बघितलं. मग काकींच्या तोंडाकडे, बराच वेळ. मग बोटं सोडली.

"दुखता?"

"व्हय."

"मगे आधी सांगूक नको?" आबा म्हणाले आणि त्यांनी पेजेची वाटी पुढे ओढली.